विनू, पुढचा ॲक्सल बसला

विनू, ॲक्सल बसला. नऊ दिवसांपूर्वी, शनिवारी दुपारी, तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये. मिस्त्रीने शेवटचा नट आवळला, जॅक खाली घेतला आणि तुझी जीप तीन वर्षांनी चारही चाकांवर नीट उभी राहिली. तुला जाऊन तेव्हा पंचवीस दिवस झाले होते.

हे आधी सांगतो, कारण तू असतास तर हेच आधी विचारलं असतंस. बाकीचं सांगायला मला जरा वेळ लागेल.

तुझ्या शाळेतल्या लोकांनी सभा घेतली होती. भूगोलाचे सर म्हणून तुझ्याबद्दल जे काही बोलले ते सगळं खरं होतं, आणि त्यात तू फारसा नव्हतास. कोणीतरी म्हणालं, सर अत्यंत शिस्तप्रिय होते. मी शैलावहिनींकडे बघितलं, त्यांनी खाली बघितलं. मलाही बोलायला सांगत होते. मी नको म्हटलं. एका जिन्यात समोरासमोर सव्वीस वर्षं राहिलेल्या माणसाबद्दल माइकसमोर काय सांगणार? आणि जे सांगायला हवं होतं ते तुलाच सांगायचं होतं, त्या लोकांना नव्हे.

तुझा ॲक्सल तुटला तो दिवस मला पक्का आठवतो, कारण मी बरोबर नव्हतो. जीप घेऊन डोंगर-नाले पालथे घालणाऱ्या त्या तरुण मंडळींबरोबर गेला होतास. मुरबाडच्या पुढे एका कोरड्या नाल्यात तू गाडी उतरवलीस, पुढचं डावं चाक दगडावरून घसरलं आणि खाली काहीतरी वाजलं. तू घरी आल्यावर मला म्हणालास, "अरविंद, फक्त आवाज आलाय. बाकी काही नाही." मी खाली जाऊन टॉर्च लावून बघितलं. स्प्रिंगच्या पाट्या जिथे बसतात त्या बैठकीपाशी ॲक्सलचं कवच उभं चिरलं होतं. तू वेल्डिंग करून घेतलंस, मी नको म्हणत असताना. दोन महिन्यांत ते त्याच जागी परत चिरलं. तेव्हापासून गाडी जुईनगरला आपल्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी, आणि आपण दोघं दर रविवारी ॲक्सलच्या शोधात.

गाडी लष्कराच्या लिलावातली, चाळीस वर्षांची. तिचे सुटे भाग नवे मिळत नाहीत. दुसऱ्या कुठल्या जुन्या गाडीचा ॲक्सल जुळवून घ्यायचा, एवढाच रस्ता होता. तुला सुरुवातीला वाटलं, लांबी जुळली की झालं. भिवंडीला तू एक ॲक्सल टेपने मोजलास, लांबी तंतोतंत, आणि तू लगेच टेम्पोवाल्याला फोन लावायला निघालास. मी तुला थांबवलं. त्याचा डिफरन्शियलचा गोळा, इंजिनाचा जोर जिथून दोन्ही चाकांना वाटला जातो तो, डाव्या बाजूला होता, आपल्या गाडीत गिअरबॉक्सकडून येणारा दांडा उजव्या बाजूने येतो. तू त्या गोळ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "म्हणजे पत्रिका जुळली, पण घराचं तोंड उलट्या दिशेला." दुकानदार हसला आणि त्याने आपल्याला चहा पाजला. तू कुठेही गेलास की लोक आपल्याला चहा पाजायचे. माझ्या एकट्याच्या वाट्याला तो कधी आला नाही.

कुर्ल्याला पाच बोल्टांचा मिळाला, आपली चाकं सहा बोल्टांची निघाली. पनवेलच्या पुढे एक मिळाला त्याच्या पाट्यांच्या बैठका चार बोटं आत होत्या. तू म्हणालास, कापून बाहेर सरकवू. मी म्हटलं, सरकवता येतील, पण मग कोन चुकला तर स्टिअरिंग रस्त्यावर तुला ओढत नेईल. तू म्हणालास, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." मी म्हटलं, "तेच काम केलंय आयुष्यभर." रबाळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी मापं तपासली. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नव्हता. तुला त्याचं कौतुक होतं. ओळख करून देताना तू "हे अरविंद, यांच्या मापात केसाचा फरक पडत नाही" असं म्हणायचास. मला अवघडल्यासारखं व्हायचं, पण ऐकायला आवडायचंही.

रेशोचं तुला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी तुला जिन्यात बसून समजावलं होतं. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या आतल्या दात्यांचं प्रमाण एकच लागतं. नाहीतर चारही चाकांना जोर लावला की पुढची चाकं एका चालीने फिरतात, मागची दुसऱ्या, आणि गाडी स्वतःशीच भांडते. ते मोजायचं कसं, तेही दाखवलं होतं. एका बाजूचं चाक घट्ट धरायचं, दुसऱ्या बाजूचं बरोबर दोन फेरे फिरवायचं, आणि मधला दांडा किती फेरे घेतो ते मोजायचं. आपल्या मागच्या ॲक्सलला पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. तू ते पाठ केलंस. पोरांकडून नद्यांची नावं पाठ करून घ्यायचास ना, तशा चालीत. मोजायचं मात्र नेहमी मलाच सांगायचास.

मग तुझ्या छातीत दुखलं आणि वाशीला तुझी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, जिने कमी करायला सांगितलं, गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. हे शेवटचं तू वहिनींना चार वेळा ऐकवलंस. त्यांनी तुझ्या फोनवर तो नाल्याचा व्हिडिओ बघितला होता. गाडी एका अंगावर इतकी कललेली, आणि मागून कुणीतरी ओरडतंय. तुझ्या मोहिमांबद्दल त्यांना एवढंच माहीत होतं. एकदा मी तुझी औषधं घेऊन आलो, तू झोपला होतास. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, तो ॲक्सल मिळालाच नाही तर बरं होईल."

औषधं टेबलावर ठेवली आणि आलो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी तो मिळाला. रबाळे स्टेशनच्या पलीकडे, एमआयडीसीच्या कडेला हिराबायचं भंगारचं दुकान आहे, तुला माहीतच आहे. तिचं गाव तिथलंच, सासऱ्याची शेती कारखान्यांत गेली आणि उरलेल्या तुकड्यावर तिने हे दुकान काढलं. तिने तुला फोन केला होता. आपण गेलो. पत्र्याच्या शेडखाली तो पडला होता. गंजलेला, पण सरळ. लांबी बरोबर. गोळा उजवीकडे. बोल्ट सहा. बैठका बरोबर. तू माझ्याकडे बघत होतास आणि काही बोलत नव्हतास, जे तुझ्या बाबतीत क्वचितच व्हायचं.

राहिला रेशो. तू एक टोक धरून बसलास. मी दुसरं टोक दोन फेरे फिरवलं आणि दांड्यावर खडूची खूण करून मोजलं. पाच फेरे, आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त.

मी म्हटलं, "पाचालाही थोडं कमी पडतंय. नाही जुळत."

तू म्हणालास, "परत मोज."

मी परत मोजलं. परत तेच आलं. मी परत तेच म्हटलं.

तू विचारलंस, "मग आपले आतले दाते काढून यात नाही का बसवता येणार?" बसवता आले असते. मी म्हटलं, "या कवचात आपले बसत नाहीत, आतली मापं वेगळी असतात." एक खोटं बोललं की त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं बोलावं लागतं, हे लहानपणापासून ऐकलं होतं. साठीनंतर अनुभव घेतला.

तू हात झटकून उठलास. हिराबायला म्हणालास, "राहू द्या. आमच्या नशिबात नाही." रिक्षाने परत निघालो. जुईनगर आल्यावर म्हणालास, "पुढच्या रविवारी नाशिककडे बघू का?" मी हो म्हटलं. आपण नाशिकला गेलोही. त्याच्यानंतर चौदा महिने आपण कुठे कुठे गेलो. जो ॲक्सल रबाळ्याला पडून होता तो शोधायला.

तू गेलास तो मंगळवार होता. जेवून पडला होतास. वहिनींना वाटलं झोप लागली आहे, त्यांनी चहा टाकला तेव्हा हाक मारली. गाडी खाली उभी होती, कव्हराखाली, पुढचा ॲक्सल चिरलेला. ज्या धोक्यापासून तुला वाचवायचं म्हणून मी खोटं बोललो त्या धोक्याच्या तू आसपासही गेला नव्हतास. हे मी त्याच दिवशी, तुझ्या पायांशी उभा असताना, मनात नोंदवलं. मला रडू आलं नाही. मला फक्त हा हिशेब दिसत होता. त्याबद्दल तुला काही वाटून घेऊ नकोस, मी तसाच आहे.

तेरावं झाल्यावर चार-पाच दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "गाडीचं बघायला हवं. सोसायटीवाले काही बोलत नाहीत, पण आज ना उद्या बोलतील. भंगारात मात्र देणार नाही मी. चालती करून देईन." कर्जतच्या पुढे डोंगरात रोपवाटिका असलेले एक राऊत म्हणून आहेत, त्यांनी तुला पूर्वी विचारलं होतं म्हणे. वरपर्यंत खतं आणि रोपं न्यायला त्यांना अशीच गाडी हवी होती, चारही चाकांना जोर असलेली. वहिनींनी त्यांना फोनही केला होता. "तेवढा ॲक्सल मिळाला असता तर," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी एवढी वणवण केलीत."

मी म्हटलं, "बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबायकडे गेलो. खरं सांगू, तो विकला गेलेला असावा असंच मला वाटत होतं. मग सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण तो त्याच शेडखाली होता, त्याच्यावर आता दोन रेडिएटर टाकलेले. हिराबाय खुर्चीत बसून वायरी सोलत होती. तिने माझ्या मागे बघितलं.

"तुमचे दोस्त नाय आयले?"

"ते गेले, हिराबाय. अठरा दिवस झाले."

तिने हातातली सुरी खाली ठेवली. "मना कोनी सांगला नाय," ती म्हणाली. "बसा. पानी हाय माठान, घ्या."

मी पाणी प्यायलो. मग रेडिएटर बाजूला काढले आणि खडू मागितला. तिने दुसरं टोक धरलं, न सांगता. मी दोन फेरे फिरवले. पाच, आणि वर तेवढंच.

"येवराच व्हता तवा पन," हिराबाय म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"मी पन मोजत व्हते त्या दिशी. तीस वर्सा येच धंद्यान हाय. तुमी खोटा बोललाव."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी शिकलेली मानसा. मना वाटला, तुमाना दुसऱ्या कोनासाठी पायजे आसल. उद्या गुपचूप येशाल न न्याल. तुमी आयलेच नाय."

मला एक विचारायचं होतं आणि ते विचारण्यासाठीच मी इतका वेळ तिथे बसलो होतो, हे मला तेव्हाच कळलं. "विनायक नंतर कधी एकटे आले होते का? बघायला? मोजायला?"

विनू, तिने हो म्हणावं असं मला फार वाटत होतं. तू येऊन मोजून गेलास, तुला सगळं कळलं आणि तू मला काही बोलला नाहीस, असं असतं तर माझं ओझं अर्धं झालं असतं. आपण दोघांनी मिळून ते खोटं सांभाळलं असं तरी म्हणता आलं असतं.

"नाय," ती म्हणाली. "येकदा रबाल्याच्या नाक्याव भेटले मना. मीच बोलले, सर, त्यो एक्सल हाय आजून, परत बगा येकदा. तं बोलले, आमच्या अरविंदनी मापलाय ना. त्यो नाय जुलत बोलला मंजे नाय जुलत."

तिने वायरी परत हातात घेतल्या. तिला मला टोचायचं नव्हतं, मी विचारलं त्याचं तिने उत्तर दिलं.

मला तुझा रागही आला, हे लिहून ठेवतो. भूगोल शिकवणारा माणूस तू. नकाशावर विश्वास ठेवू नका, जाऊन बघा, असं पोरांना सांगायचास. चौदा महिन्यांत एकदा जाऊन ते चाक फिरवायला तुला काय झालं होतं? मोजायचं कसं हे तुला येत होतं. तुला पाठ होतं.

टेम्पो करून ॲक्सल तुर्भ्याला नेला, गाडीही ओढून तिथे नेली. मिस्त्रीने जुना काढला, नवा साफ केला, सील बदलले. बसवायच्या आधी मी त्याला म्हटलं, रेशो मोजून घे. तो म्हणाला, "साहेब, तुमी मोजलाय ना? मग टेन्शन काय?" मी म्हटलं, "माझं सोड. तू मोज." तो जरा वैतागला, पण त्याने मोजलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आतून त्याने ओरडून आकडा सांगितला आणि मग मी आत गेलो.

शनिवारी संध्याकाळी गाडी आणून बिल्डिंगखाली लावली आणि वर जाऊन वहिनींना सांगितलं. त्यांना बरं वाटलं. कुठे मिळाला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रबाळ्याला. मग बसलो आणि सगळं सांगितलं. चौदा महिन्यांपूर्वीचं. खडू, फेरे, मी काय म्हटलं, तू काय म्हणालास.

"पण का?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही म्हणाला होतात. मिळालाच नाही तर बरं होईल, म्हणून."

"मी?"

"भाजी निवडताना. ते आजारी होते तेव्हा."

त्यांनी आठवून बघितलं. मला दिसत होतं की त्या खरोखर आठवतायत. "म्हटलं असेन," त्या म्हणाल्या. "भावजी, मी दिवसभरात किती काय म्हणते. हा टीव्ही फुटला तर बरं असंही म्हणते. तुम्ही जाऊन फोडाल?" मग त्यांचा आवाज बदलला. "तुम्ही मला एकदा विचारलं का नाही? आणि आता त्यांना जाऊन महिना होत आला, तुम्ही येऊन सांगताय की मी सांगितलं म्हणून केलं. माझ्यावर घालू नका हे."

मी उठून घरी आलो. त्या दाराशी आल्या नाहीत.

त्यांचं बरोबर होतं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी तेच तपासत बसलो. त्यांनी भाजी निवडताना म्हटलेलं वाक्य मी उचललं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. माझी सुमन गेली तेव्हा तिच्या तेराव्यानंतर मला घराबाहेर काढलंस तो तू. दारात उभा राहून म्हणालास, "टायर बघायला जायचंय, तुझ्याशिवाय मला फसवतील." फसवत कोणी नव्हतं, चारही टायर चांगले होते. तेव्हापासून माझा आठवडा रविवारभोवती बांधला गेला. आणि गाडी चालू झाल्यावर काय होणार होतं ते मला दिसत होतं. तू त्या तरुण मंडळींबरोबर डोंगरात जाणार होतास, दोन-दोन दिवस. माझे गुडघे असे. तुझी गाडी नादुरुस्त होती तोवर तुला माझी गरज होती. मी तुझ्या तब्येतीचं नाव पुढे केलं आणि वहिनींचं वाक्य पुढे केलं, आणि त्यांच्या मागे मी बसलो होतो. हे तुला कधी कळलं असतं तर तू हसला असतास बहुधा. "अरे मग तसं सांगायचंस, तुलाही घेऊन गेलो असतो." आणि नेलं असतंस. म्हणूनच ते मला जास्त अवघड वाटतं.

चार दिवस वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. जिन्यात समोर आल्या तर मान हलवायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी बेल वाजवली, आत आल्या नाहीत. "राऊतांकडे गाडी रविवारी पोचवायची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच चालवणार ना? मी येणार आहे बरोबर."

"रस्ता वाईट आहे शेवटचा," मी म्हटलं.

"ऐकलंय. येणार आहे."

त्या तुझ्या गाडीत बारा वर्षांत एकदाच बसल्या होत्या ना? वाशीच्या लग्नाला. तेव्हाही डिझेलचा वास येतो म्हणून परत रिक्षाने आल्या होत्या. काल सकाळी त्या पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पनवेल सुटलं, चौक गाव आलं, त्यांचे हात पर्सवरून हलले नाहीत. माझा डावा गुडघा क्लच दाबून दाबून दुखायला लागला होता. कर्जत ओलांडल्यावर एका टपरीवर थांबलो. त्यांनी चहाचे दोन ग्लास आणले, एक मला दिला. एवढंच.

राऊतांचा रस्ता म्हणजे डोंगराच्या अंगावरून वर चढणारी मातीची चाकोरी आहे. वाटेत मोठे दगड, एका बाजूला उतार. पहिल्या चढावरच मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी मागे सरकली. वहिनींनी डॅशबोर्डवरचा आधाराचा दांडा धरला. मी ब्रेक लावून थांबवली.

"आता?" त्या म्हणाल्या.

"आता पुढच्या चाकांना जोर देतो." मी गिअरशेजारचा लहान दांडा ओढला, मग हळू चालीचा दुसरा खाली टाकला, क्लच सोडला.

विनू, तू हे शंभर वेळा केलं आहेस, पण तरी सांगतो. गाडी हलली. इंजिनाचा आवाज मोठा, आणि चाल इतकी हळू की बाजूने एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढत होती ती आमच्या पुढे निघून गेली. पुढच्या चाकाने दगडावर पाय ठेवल्यासारखं केलं, थांबलं, चढलं. मग मागचं. कुठे ओढ नाही, कुठे हिसका नाही. पुढचं आणि मागचं एका चालीत. गाडी कलली, परत सरळ झाली. मी पायही फारसा दाबला नव्हता.

वहिनी पुढे वाकून त्या चाकाकडे बघत होत्या. अर्धा चढ झाल्यावर त्यांनी दांडा सोडला.

"एवढंच असतं?" त्या म्हणाल्या.

"एवढंच."

"इतकं हळू?"

"याहून जोरात जाताच येत नाही. गेलं तर काहीतरी मोडतं."

"मला वाटायचं हे लोक भरधाव घालतात गाड्या. त्या व्हिडिओत सगळे ओरडत होते."

"खाली उभे असलेले ओरडतात. आतला माणूस असाच बसलेला असतो."

ती मोळीवाली वळणावर थांबून आमच्याकडे बघत होती. वहिनींनी तिला हात केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे मला तेव्हा सांगायचं होतंत, भावजी. एका वाक्याचं काम होतं."

"हो," मी म्हटलं.

आम्ही वर पोचलो. राऊत फाटकाशी उभे होते. वहिनी स्वतः दार उघडून उतरल्या, साडी सावरली, आणि पहिल्यांदा मागे वळून आम्ही जिथून आलो तो सगळा चढ बघितला. बराच वेळ बघितला. मग त्यांनी राऊतांना विचारलं, "या डोंगराचं नाव काय हो?"

राऊतांना सांगता आलं नाही. मलाही माहीत नव्हतं. तू तिथे असायला हवा होतास.